कावळे शेवटी

अगं, तो मोबाइल आधी खाली ठेव. व्हॅन गॉगचं गव्हाचं शेत आणि कावळे उतरवायचेत ना? मग त्या काचेतला पिवळा खरा धरून चालू नकोस. तिथं रंगामागं दिवा असतो, कॅनव्हासवर नसतो. फोनमध्येच चित्र काळं-पांढरं करून घे आणि पहिली नक्कल नुसत्या तपकिरी अंबर आणि पांढऱ्या रंगात काढ. गडद कुठं, उजेड कुठं, एवढंच बघ. मिलेच्या चित्रांच्या वीसेक नकला व्हॅन गॉगनं १८८९-९० मध्ये काळ्या-पांढऱ्या छापांवरूनच केल्या. रंग आपल्या मनचे भरले.

मूळ चित्र साधारण ५० बाय १०३ सेंटीमीटर आहे, उंचीच्या दुप्पट रुंद. तू आणलेल्या १६ बाय २० इंचीत ते कोंबलंस तर आभाळ उगाच फुगेल. १२ बाय २४ घे.

तेलरंगातलं लिन्सीड म्हणजे आपलं जवसाचंच तेल, पण घाण्यावरचं रंगात ओतू नकोस, फार पिवळं पडतं. दुकानातून शुद्ध केलेल्या तेलाची बाटली आण. खालचा थर टर्पेंटाईननं पातळ ठेव, तेल वरच्या थरात वाढव. उलट केलंस तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

आता फटकारा. तो सुरू होतो तिथं रंग जाड बसतो, दोन्ही कडांना वरंबे उठतात, शेवटी केसांच्या कोरड्या रेघा राहतात. तेवढ्यावरून हात कुठून निघाला आणि कुठं उचलला ते कळतं. तोच हात शिकायचाय. आधी वर्तमानपत्रावर पन्नास मार. मी पहिल्या नकलेत प्रत्येक फटकारा मऊ ब्रशनं घोटला होता. तीन आठवडे खपलो आणि शेत झालं इस्त्रीच्या चादरीसारखं. खरा तेलरंग बघायला एकदा औंधला जा. पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात समोरून सगळेच बघतात, तू बाजूला उभी राहून तिरक्या उजेडात बघ.

तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं. एका मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत माझ्या चिंध्यांतून धूर निघाला होता. त्या दोरीवर पसरून वाळव. आणि आपल्या वेळापुरात पालखीचा मुक्काम असेल तेव्हा ओला कॅनव्हास ओसरीत नको, गावभर धूळ असते.

नक्कल करतेस म्हणून कुणी हसलं तर हसू दे. १८७२ पासून जे. जे. स्कूलच्या पोरांनी ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली अजिंठ्याची चित्रं तेलरंगात उतरवली. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढं त्या नकलांतल्या कितीतरी लंडनला आगीत गेल्या. वाईट याचं वाटतं, की रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवरही व्हार्निश फासलं गेलं आणि ती चित्रं पिवळी पडली. तूही व्हार्निशची घाई करू नकोस. जाड रंगाला सहा महिने तरी दे, वर्ष दिलंस तर बरंच.

कावळे शेवटी काढ, पण खालचा रंग ओला असतानाच. म्हणून आभाळ आणि शेत एकाच बैठकीत झालं पाहिजे. उन्हं चढायच्या आत बस. एका कावळ्याला दोन फटकारे पुरे. काळा पिवळ्यात मिसळून हिरवट होईल, होऊ दे. पुन्हा ब्रश लावू नकोस.