तिकिटांचा काळाबाजार



तिकीट ही वस्तु दिसावयास लहान, पण तिचा अर्थ मोठा आहे. ठराविक मूल्य भरून, ठराविक दिवशीं, ठराविक जागीं बसण्याचा जो हक्क आपणांस मिळतो, त्याचें तें प्रमाणपत्र होय. पूर्वीं तें जाड कागदाचें असे. हल्लीं पुष्कळदां तें मोबाइलच्या पडद्यावरील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचें चित्र असतें. रूप पालटलें तरी अर्थ तोच राहिला. असें तिकीट स्वतःस नको असतां मुद्दाम घेऊन ठेवणें आणि मग गरजवंतास अवाच्या सवा किंमतीस विकणें, यास काळाबाजार म्हणतात. या दोषाचें स्वरूप, त्याचीं कारणें, त्यावरील कायदा आणि आपलें कर्तव्य यांचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्याचा तिकिटांशीं जुना संबंध आहे. त्र्यंबकेश्वर येथें सन १८७० मध्यें जन्मलेले दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, आणि पुढें त्यांनीं आपलें बरेंचसें काम नाशिकांतच केलें. चित्रपट जसजसा लोकप्रिय होत गेला, तसतसा चित्रगृहाच्या दाराशीं ‘ब्लॅकनें’ तिकिटें विकणारा मनुष्यही सर्वांच्या परिचयाचा झाला. तुमच्या आजोबांना त्याची हलकी हांक अजून आठवत असेल. परंतु त्या मनुष्याच्या धंद्यास एक मर्यादा होती. त्याला स्वतः रांगेंत उभें राहावें लागे आणि मूठभर तिकिटांवर भागवावें लागे. आजच्या काळाबाजाऱ्यास ती मर्यादा उरलेली नाहीं.

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यांत या धंद्याचें नवें रूप साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. कोल्डप्ले नांवाच्या इंग्लंडमधील गायकवादकांच्या संचाचे कार्यक्रम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजीं व्हावयाचे होते. २२ सप्टेंबर रोजीं बुकमायशो या संकेतस्थळावर तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हां एक कोटीहून अधिक लोक त्या अदृश्य रांगेंत उभे राहिले. तिकिटांचे दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. पाहतां पाहतां सारीं तिकिटें संपलीं. आणि लागलीच दुसऱ्या कांहीं संकेतस्थळांवर मूळ १२,५०० रुपयांच्या तिकिटास ३ लाखांहून अधिक रुपये मागितले जाऊं लागले. त्या संकेतस्थळांशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें बुकमायशोनें जाहीर केलें व पोलिसांकडे तक्रार दिली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें चौकशी आरंभिली. ऑक्टोबर महिन्यांत अंमलबजावणी संचालनालयानें पांच शहरांत झडत्या घेतल्या. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप व टेलिग्राम यांच्या आधारानें हीं तिकिटें विकलीं जात असून त्यांत बनावट तिकिटेंही असल्याचें त्या खात्यानें सांगितलें. म्हणजे जादा दाम मोजूनही प्रवेश मिळेलच अशी खात्री नव्हती!

हें घडतें कसें? मनुष्याला आपलें नांव, वय व पत्ता लिहावयास कांहीं मिनिटें लागतात. हेंच काम करणारी संगणकाची आज्ञावली तें क्षणांत उरकते, आणि एका मनुष्याच्या जागीं शेंकडों खोट्या नांवांनीं रांगेंत शिरते. प्रामाणिक मनुष्य पहिलीच ओळ लिहीत असतो, तोंच जागा संपलेल्या असतात. रांगेचा जो न्याय, ‘प्रथम येईल त्यास प्रथम’, त्याचा पायाच येथें ढासळतो.

कोणी म्हणेल, गाणें ऐकणें ही चैन आहे. चैनीसाठीं श्रीमंतानें लाख रुपये मोजले तर आमचें काय गेलें? परंतु हीच रीति जेव्हां आगगाडीच्या तिकिटास लागूं होते, तेव्हां प्रश्न चैनीचा राहत नाहीं. नाशिक रोड स्थानकावरून कोणी आजारी पित्यास दूरच्या इस्पितळांत नेत असतो, कोणी परीक्षेस वा नोकरीच्या मुलाखतीस निघालेला असतो, तर कोणी परप्रांतीय मजूर सणासाठीं गांवीं जाऊं इच्छीत असतो. अशांसाठीं आदल्या दिवशीं मिळणारें ‘तत्काळ’ तिकीट असतें. सकाळीं १० वाजतां वातानुकूलित डब्यांचीं व ११ वाजतां इतर डब्यांचीं तिकिटें सुटतात. तींच जर दलालानें आधीं बळकावलीं, तर त्या गरजवंतापुढें दोनच मार्ग उरतात : मागेल तें द्यावें, किंवा घरीं बसावें. जितकी गरज मोठी तितकी किंमत मोठी, हें या धंद्याचें सूत्र आहे. दुसऱ्याची अडचण हेंच त्याचें भांडवल होय.

येथें एका आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे. स्वस्त घेऊन महाग विकणें हाच तर सर्व व्यापार. मग तिकीट विकणाऱ्यासच दोष कां द्यावा? उत्तरासाठीं आपल्या लासलगांवच्या कांदा बाजाराकडे पाहावें. तेथील व्यापारी कांदा विकत घेतो, निवडतो, सांठवितो आणि दूरच्या प्रांतीं पोंचवितो. कांदा सडला किंवा भाव पडला तर तोटा त्याचा. तो आहे म्हणून जेथें कांदा पिकत नाहीं तेथेंही तो मिळतो. तिकिटांचा काळाबाजारी काय करितो? त्याच्यामुळें गाडीला एक डबा वाढत नाहीं, कीं नाट्यगृहांत एक खुर्ची वाढत नाहीं. समजा, २,५०० रुपयांचें तिकीट त्यानें २०,००० रुपयांस विकलें. वरच्या १७,५०० रुपयांतील एक पैही गायकास, वादकास किंवा झाडलोट करणाऱ्या सेवकास मिळत नाहीं. जेथें जागा होत्या तेथें तो केवळ टंचाई निर्माण करितो आणि तीच टंचाई विकतो. व्यापार व लूट यांतील भेद हाच.

अर्थशास्त्राचे कांहीं अभ्यासक असें म्हणतात, कीं मागणी फार व जागा थोड्या असतां मूळ दर कमी ठेवला, म्हणजे काळाबाजारास वाव मिळतो. हें म्हणणें अगदींच चूक नाहीं. पण दर कमी ठेवण्यांतही पुष्कळदां एक हेतु असतो. रेल्वेचें भाडें सामान्य माणसास परवडावें, विद्यार्थ्यासही एखादें गाणें ऐकतां यावें, अशी ती योजना असते. ही सवलत सर्वांची असतां ती मधल्यामध्यें एकानेंच खिशांत घालावी, हें न्यायाचें नव्हे.

आतां कायद्याकडे वळूं. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ अन्वयें, अधिकार नसतां रेल्वे तिकिटें मिळवून देण्याचा धंदा करणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. हा कायदा झाला त्या काळीं घरबसल्या तिकीट काढण्याची सोय नव्हती. म्हणून तो अशा तिकिटांस लागूं आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ जानेवारी २०२५ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला, कीं तिकीट खिडकीवरचें असो वा संगणकावरचें, कलम दोहोंसही लागूं आहे. दुसऱ्याच दिवशीं, १० जानेवारी रोजीं, करमणुकीच्या कार्यक्रमांच्या तिकिटांविषयीं नियम व्हावेत अशी मागणी करणारी जनहितयाचिका मुंबई उच्च न्यायालयानें फेटाळली. कारण असे नियम करणें हें विधिमंडळाचें व शासनाचें काम आहे. या दोन निर्णयांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते : रेल्वेप्रवाशाच्या पाठीशीं स्पष्ट कायदा आहे, तसा प्रेक्षकाच्या पाठीशीं नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्यें टोळीनें केलेली अनधिकृत तिकीटविक्री हा गुन्हा मानिला आहे, एवढाच त्यास आधार.

परदेशांतही हा प्रश्न आहे. अमेरिकेनें सन २०१६ मध्यें तिकिटें बळकावणाऱ्या आज्ञावलींविरुद्ध कायदा केला. आयर्लंडनें सन २०२१ मध्यें नेमून दिलेल्या कार्यक्रमांचीं तिकिटें मूळ किंमतीहून अधिक दरानें पुन्हा विकण्यास बंदी घातली.

केवळ शिक्षेनें हा दोष जाणार नाहीं. व्यवस्थाही सुधारली पाहिजे. रेल्वेनें १ जुलै २०२५ पासून संकेतस्थळावरील तत्काळ तिकिटांसाठीं आधार क्रमांकाची पडताळणी आवश्यक केली, आणि विक्री सुरू झाल्यानंतरचीं पहिलीं तीस मिनिटें दलालांस बंद ठेविलीं. कार्यक्रमांच्या बाबतींतही तिकिटावर नांव घालणें, एकास मोजकींच तिकिटें देणें, आणि ज्याला जातां येत नाहीं त्याचें तिकीट मूळ किंमतीस परत घेणें, हे उपाय करण्यासारखे आहेत. यांतील शेवटचा उपाय फार महत्त्वाचा. कारण अडचणींत सांपडलेल्या प्रामाणिक मनुष्यास सरळ मार्ग मिळाला, म्हणजे तो वांकड्या मार्गास जात नाहीं.

राहिलें आपलें कर्तव्य. काळाबाजारी विकतो, कारण कोणी तरी विकत घेतो. हौसेसाठीं, सामना पाहण्यासाठीं किंवा मित्रांत मिरविण्यासाठीं जो त्याच्या हातावर पैसे ठेवितो, तोच उद्यां एखाद्या रोग्याच्या गाडीतील जागा महाग करावयास साह्य करितो. पालकांनींही ध्यानांत ठेवावें, कीं ‘ओळखीनें जमवून घेतलें’ हें वाक्य आपण घरांत अभिमानानें उच्चारतों तेव्हां मुलें तें ऐकत असतात. सन २०२६-२७ च्या सिंहस्थानिमित्त असंख्य यात्रेकरू आपल्या नगरीचे पाहुणे ठरतात. त्यांतील एखादा अडलेला वृद्ध नाशिक रोडला तुम्हांस वाट विचारील, तर त्यास अधिकृत खिडकी दाखवा आणि जरूर पडल्यास अर्जही भरून द्या. रांगेंत आपल्या पुढें उभ्या असलेल्या अनोळखी मनुष्याचा हक्क आपल्या हक्काइतकाच मोठा आहे, हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर असा आचरणानेंच पाठ होतो.