वाऱ्याला टेकू नका : सडावाघापूरला जाणाऱ्यांसाठी

सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहायला निघालेल्यांना मी सगळ्यात आधी हे सांगतो, की तिथला वारा थांबतो. अचानक थांबतो.

पाटण तालुक्यातल्या या पठारावरून पावसाचं पाणी कड्याकडे धावतं आणि दरीतून चढणारा पश्चिमेचा वारा ते खाली पडूच देत नाही, उचलून परत पठारावर फेकतो. हाच वारा माणसालाही आत ढकलत असतो. त्यामुळे कड्याजवळ उभं राहताना आपण नकळत दरीच्या बाजूला झुकतो. वाऱ्याचा जोर आहे तोवर तोल राहतो, तो सरला की झुकलेलं अंग पुढे जातं, आणि पुढे दरी आहे.

माझा भाचा असाच हात पसरून, वाऱ्यावर भार टाकून उभा होता. मी मागे कॅमेऱ्यावर पिशवी चढवत होतो. म्हशी घेऊन निघालेले एक आजोबा थांबले आणि ओरडले, "ए पोरा, माघारी ये. वाऱ्याला टेकून ऱ्हाऊ नगंस, त्यो कवाबी हात काढून घेतो." भाचा वळेपर्यंत वारा पडलाच. तो दोन पावलं पुढे धडपडला आणि ओल्या गवतात गुडघ्यांवर आला. कडा अजून लांब होता म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

फोटोची ओढ मला कळते. पाण्याचे थेंब वर उडताहेत, ढग फाटून ऊन आलंय आणि त्या तुषारांत इंद्रधनुष्य उभं राहिलंय, हे एकदा पाहिलं की माणूस पुन्हा पुन्हा येतो. ध्रुवीय प्रकाश पाहायला लोक आइसलँडच्या स्कोगाफॉस धबधब्यापर्यंत जातात. आपल्या वाट्याला आलेला प्रकाशाचा खेळ हा आहे आणि तो मिळवायला कड्याचं टोक मुळीच लागत नाही, वेळ लागते.

इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला, आपल्या डोक्याच्या सावलीभोवती साधारण 42 अंशांवर दिसतं. पठारावरून पश्चिमेला दरीकडे पाहताना सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळ. सूर्य जितका खाली तितकं धनुष्य उंच. जुलै-ऑगस्टमध्ये नऊच्या सुमारास सूर्य त्या 42 अंशांपर्यंत चढतो आणि धनुष्य क्षितिजाखाली सरकून दरीत उतरतं. उशिरा आलेली माणसं मग ते पाहायला कड्यावरून वाकतात. संध्याकाळी याच्या उलट. सूर्य दरीच्या बाजूला, धनुष्य पठाराकडे, म्हणजे कड्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि चौकटीत सगळं मावावं म्हणून मागे मागे सरकायचं. संध्याकाळचा तो फोटो घेऊच नका. सांगलीकरांनी पहाटे लवकर निघून पेठ नाका, कराड, पाटण असं वर चढावं. झोप घरी आल्यावर काढता येते.

बाजूला, कड्यापासून चांगलं अंतर राखून उभे राहा आणि झूम वापरा. शटर 1/500 किंवा त्याहून जलद ठेवा. ठोसेघरसारख्या सरळ कोसळणाऱ्या धबधब्याला संथ शटरने दुधाळ रूप येतं, इथे मात्र वर उडणाऱ्या थेंबांचं नुसतं धुकं होतं. पोलरायझर लावला असेल तर तो सावकाश फिरवत पाहा, कारण एका कोनात तो इंद्रधनुष्य चक्क पुसून टाकतो आणि दुसऱ्या कोनात रंग गडद करतो. गाडीत एसी लावून आलात तर बाहेर काढताच लेन्सवर वाफ धरते, म्हणून पाटण सोडलं की एसी बंद करा. कोरडी सुती फडकी भरपूर घ्या. छत्री अजिबात नको, ती वाऱ्यासोबत माणसालाही ओढते.

पायाखाली जांभा खडक आणि शेवाळ असतं. धुकं उतरलं की कडा कुठे संपतो ते पाच पावलांवरूनही दिसत नाही. अशा वेळी फोटो सोडून द्यायचा, जागेवर बसायचं, धुकं सरेपर्यंत हलायचं नाही. पौर्णिमेच्या रात्री आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया धबधब्यावर चांदण्याचं धनुष्य दिसतं, ते इथे मिळेल का, असं काही उत्साही मुलं विचारतात. त्यांना माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. पावसाळ्यात रात्री या कड्याजवळ कुणी जाऊ नये.

ऑगस्ट 2024 मध्ये ठोसेघरच्या वाटेवर बोरणे घाटात सेल्फी घेताना एक तरुणी दरीत पडली. दोराने वर काढली म्हणून वाचली. जुलै 2025 मध्ये पाटण-सडावाघापूर रस्त्यावर गुजरवाडीच्या टेबल पॉइंटवरून एका तरुणाची मोटार दरीत गेली. दोन्ही ठिकाणी माणसं गेली होती ती चार आनंदाचे क्षण टिपायलाच.

म्हणून एक विनंती आहे. कड्याच्या टोकावर पाय सोडून बसलेल्या कुणाचा फोटो तुमच्याकडे आला, तर तो कितीही सुंदर असला तरी पुढे पाठवू नका. तो पाहूनच पुढचा मुलगा तिथे जाऊन बसतो.