तपकिरी दिसलं म्हणून पाणी घालू नका

लहानपणी आम्ही वहीत ‘विद्या’ जपायचो. मोरपंखीची ती चपटी हिरवी डहाळी पानांमध्ये ठेवली की अभ्यास येतो, यावर वर्गातल्या सगळ्यांचा विश्वास. पुढे ऑरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ घर घेतलं आणि रोपवाटिकेत अगदी तशाच डहाळ्यांचं झाड दिसलं. मग मी दुसरं काही बघितलंच नाही. ते होतं लॉसन सायप्रस, ज्यांना इथे फॉल्स सायप्रस म्हणतात त्यांपैकी एक. याच राज्याच्या नैर्ऋत्य भागातल्या जंगलातलं झाड, तेव्हा आपल्या अंगणात रुजणारच, असं मी धरून चालले. कुंपणालगत पाच रोपं लावली.

तिसऱ्या उन्हाळ्यात, छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे साचायचं तिथलं झाड निस्तेज झालं. मग पिवळट, मग तांबूस, आणि काही आठवड्यांत शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तपकिरी. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. मला वाटलं, झाड तहानलंय. रोज संध्याकाळी पाइप सोडून बसायचे. उताराकडची दोन झाडं पुढच्या वर्षी तशीच गेली.

बागकामातल्या एका जाणत्या बाईंनी बुंध्याशी साल खरवडून दाखवली. आतला थर पांढरट हवा, तिथे दालचिनीच्या रंगाचा डाग मुळांकडून वर चढला होता. हा फायटोफ्थोरा लॅटरॅलिस, मुळं कुजवणारा रोग. १९२३ साली तो सिएटलजवळच्या एका रोपवाटिकेत दिसला आणि १९५२ पर्यंत लॉसनच्या मूळ जंगलात पोचला. याचे बीजाणू पाण्यात पोहतात, चिखलाबरोबर बुटांना नि चाकांना चिकटून पुढे जातात. लागण झालेलं झाड वाचत नाही. माझ्या अंगणातली वाट मीच पाणी सोडून करून दिली होती, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

म्हणून सांगते, झाड मलूल दिसलं तर आधी बोटभर माती उकरून बघा. ओली असेल तर पाणी बंद. चिकण माती असेल तर उंचवटा करून लावा, खोडाचा मुळांकडे रुंदावणारा भाग मातीवर उघडा राहू द्या, आच्छादन खोडाला टेकवू नका. लॉसनच हवं असेल तर रोगाला दाद न देणाऱ्या खुंटावर कलम केलेलंच मागा.

मी नंतर हिनोकी लावलं. जपानमधलं हे झाड या रोगाला सहसा बळी पडत नाही. पहिल्या शरद ऋतूत त्याची आतली पानं तपकिरी झाली तेव्हा माझे हातपाय गार पडले, पण ती जुन्या पानांची नेहमीची गळ होती, शेंडे हिरवेगार होते. २८ जून २०२१ ला पोर्टलंडचं तापमान ४६.७ अंशांवर गेलं, तेव्हा मात्र पश्चिमेकडची पालवी खरोखर करपली. तो भाग मी घाईने पार जुन्या लाकडापर्यंत छाटला. ते करू नका. या झाडांना उघड्या जुन्या लाकडातून नवी पालवी फुटत नाही. छाटायचंच तर हिरवं शिल्लक ठेवून.

पन्हळीचं पाणी आता नळीने गटारात सोडलंय. त्या कोपऱ्यातल्या मातीत रोग अजून असणार, म्हणून तिथे फक्त नेचे लावले आहेत. त्या मातीतलं फावडं हिनोकीकडे न्यायच्या आधी मी घासून धुते.