निसर्गदृश्यांचे प्रयोग : सायकलस्वार भाच्यास पत्र



सिंगापुरातील तंजोंग पगार स्थानकातून शेवटची गाडी ३० जून २०११ रोजी सुटली, आणि रूळ काढल्यावर उरलेली सुमारे २४ किलोमीटरची हिरवी वाट आज ‘रेल कॉरिडॉर’ म्हणून ओळखली जाते. बुओना व्हिस्टाजवळून, टँगलिन हॉल्टच्या कडेने जाणारा तिचा भाग चिरंजीव भाच्याने छायाचित्रणाच्या प्रयोगासाठी निवडावा. प्रयोग म्हणजे बाकी सारे कायम ठेवून एकच गोष्ट बदलणे, आणि त्यासाठी रोज नवी वाट धुंडाळण्यापेक्षा एकाच वळणावर पुन्हा पुन्हा जाणे अधिक फलदायी ठरते.

तेथे सकाळचा प्रकाशही बराचसा कायम राहतो: पुण्यात सूर्योदयाची वेळ वर्षभरात तासाहून अधिक पुढेमागे होते, तर विषुववृत्तापासून सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या सिंगापुरात हा फरक अर्ध्या तासाच्या आसपास राहतो. त्यामुळे जानेवारीत व जूनमध्ये सकाळी साडेसातला घेतलेल्या छायाचित्रांत सूर्याची उंची जवळपास सारखी असते, फक्त तो आधी आग्नेयेकडे आणि नंतर ईशान्येकडे झुकलेला असतो. मात्र तो तेथे जवळजवळ सरळ वर चढत असल्याने कोवळा प्रकाश लवकर सरतो. म्हणून वेळेवर पोहोचावे; उशिराची भरपाई संगणकावर होत नाही.

पहिला प्रयोग पोलरायझरचा करावा. भिंगापुढे फिरवून बसवायची ही काच परावर्तित प्रकाशातील चकाकी रोखते, आणि पावसाने भिजलेल्या पानांवरचा पांढुरका थर जाऊन त्यांचा खरा हिरवा रंग दिसू लागतो. निळ्या आकाशावर तिचा परिणाम सूर्याशी काटकोन करणाऱ्या दिशेला सर्वाधिक होतो. ही वाट तेथे साधारण उत्तर-दक्षिण जात असल्यामुळे सकाळी वाटेच्या दिशेने कॅमेरा धरला की तो कोन आपोआप साधतो. रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगातून मात्र आकाश एका भागात गडद व दुसऱ्या भागात फिके येते, हा दोषही मुद्दाम पाहून घ्यावा.

ढगाळ आकाश आणि गर्द झाडी एकाच चौकटीत आली की आकाश पांढरेफटक पडते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, एका पायरीने कमी करून दुसरे छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही ताडून पाहावीत.

सायकल चालवताना कॅमेरा हाती घेऊ नये. वाटेच्या कडेला उतरून श्वास स्थिरावू द्यावा, कारण दमलेल्या हाताच्या कंपाने चित्र पुसट होते. वातानुकूलित खोलीतून निघताना कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या उष्णतेशी हळूहळू जुळू द्यावा, अन्यथा थंड काचेवर दमट हवेची वाफ धरते.

चिरंजीवाने पुढील पत्रासोबत एकाच वळणाची, पोलरायझरशिवाय आणि पोलरायझरसह घेतलेली दोन छायाचित्रे, संगणकावर कोणतीही दुरुस्ती न करता, अवश्य पाठवावीत. कळावे.