श्वानांचा जुनाट आंत्रविकार आणि ऑक्सिडीकरणाचा ताण

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही सोय केल्याचे नोंदविले आहे. त्याच करुणेचे आधुनिक रूप परळ येथे पाहावयास मिळते. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय एकाच आवारात उभे आहेत.

तरीही लालबाग-परळच्या चाळीत एखाद्या पाळीव श्वानाला महिनाभर पातळ शौच होत असले, त्याचे वजन घटत असले, तरी घरचे म्हणतात, ‘बाहेरचे काही खाल्ले असेल.’ तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुनःपुन्हा उद्भवणारी उलटी व जुलाब यांकडे असे पाहणे घातक ठरते. जंत, स्वादुपिंड, यकृत व मूत्रपिंड यांचे विकार तपासणीने वगळल्यावर जे उरते, त्यास जुनाट आंत्रविकार म्हणतात.

या विकारात नेमके काय घडते? पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा काही अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात. ग्लुटाथायोन, ‘ई’ जीवनसत्त्व आणि काही विकरे त्यांना आवरतात. आतड्याला सूज आली की तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशी असे रेणू मोठ्या प्रमाणात सोडतात. ते आवरणाऱ्या द्रव्यांहून वरचढ झाले की त्यास ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. त्याने पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये बिघडतात, आतड्याचे अस्तर कमकुवत होते, अन्नातील व जंतूंचे घटक आत शिरतात आणि सूज आणखी वाढते. कार्यकारणभावाचा सिद्धान्त जाणणाऱ्या आपल्या वाचकांना हे चक्र सहज उमगेल : कारण नाहीसे केल्याखेरीज कार्य थांबत नाही.

म्हणूनच केवळ जीवनसत्त्वांच्या गोळ्या हा उपाय नव्हे. अनेक श्वान निव्वळ आहारबदलाने सुधारतात. पशुवैद्य पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनांचा किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला आहार सुचवितात. गुण येणार असल्यास तो बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो. मात्र त्या काळात बिस्किट, दूध-पोळी, हाड यांपैकी काहीही देऊ नये. एका लहानग्याने मायेने दिलेला घासही साऱ्या प्रयोगावर पाणी फिरवतो. आहाराने गुण न आल्यास पुढील औषधोपचार पशुवैद्याने ठरवावा. रक्तातील प्रथिने व ‘बी-१२’ जीवनसत्त्व घटले असल्यास विलंब करू नये.

आणखी एक सावधगिरी. कांदा-लसणाचे कालवण श्वानास देऊ नये. त्यातील द्रव्ये तांबड्या रक्तपेशींवर हाच ऑक्सिडीकरणाचा घाला घालून पंडुरोग आणतात. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही त्यास घातक ठरू शकते.

मुका जीव आपले दुखणे सांगू शकत नाही. आपण नोंद ठेवू शकतो. रोज शौच कसे झाले, काय खाल्ले, वजन किती, एवढे वहीत लिहून पशुवैद्यास दाखवावे. मैत्रीभावनेला डोळस निरीक्षणाची जोड मिळाली, तरच ती त्या जीवापर्यंत पोहोचते. आपल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात घेतलेला संस्कार घरच्या उंबरठ्यावर बसलेल्या श्वानापर्यंत जावा, हीच सदिच्छा.