शेतकरी कंपनी काढायची, तर पैसे कुठे लागतात?

शिरगावला प्रतिशिर्डीच्या दर्शनाला आलेला पुणेकर जाताना पाच किलो इंद्रायणी घेऊन गेला तर? मावळात दहा भातकरी जमले की ही कल्पना निघतेच, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "कंपनीच काढू."

कागदपत्रं स्वस्त आहेत. उत्पादक कंपनीला किमान 10 शेतकरी आणि 5 संचालक लागतात. अधिकृत भागभांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर नोंदणीचं शुल्क नाही. मुद्रांक शुल्क, डिजिटल सह्या आणि सीएची फी तेवढी द्यायची. त्या फीत पहिल्या वर्षाचं ऑडिट धरलंय का, ते लिहून घ्या. वार्षिक विवरणपत्रं रखडली तर प्रत्येकी दिवसाला 100 रुपये चढतात. कंपनीने दाणाही विकला नसला तरी.

नुसतं भात गोळा करून व्यापाऱ्याला द्यायचं, तर वजनकाटा, गोण्या आणि टेंपोत भागतं. सुटणारे पैसेही बेताचेच. स्वतःच्या नावाची पिशवी विकायची तर अन्न सुरक्षेची छोटी नोंदणी वर्षाला 100 रुपये, वैधमापनाकडे पॅकर म्हणून नोंद 500. ट्रेडमार्क एका वर्गाला 9,000, पण आधी उद्यम नोंदणी केली, जी फुकट होते, तर 4,500. जीएसटी नोंदणी असेल तर 25 किलोपर्यंतच्या छापील पिशवीवर 5 टक्के कर. सुट्या तांदळावर तो नाही. भाव ठरवताना नेमका हाच विसरतो.

खरा पैसा खरेदीत जातो. 2025-26 च्या साध्या भाताच्या 2,369 रुपये हमीभावाने धरलं तरी 100 क्विंटलचे 2,36,900 होतात. भरडल्यावर हाती साठ-पासष्ट क्विंटल, त्यातही कणी वेगळी. गिऱ्हाईक जुना तांदूळ मागतं, म्हणजे रक्कम वर्षभर गोदामात. सभासदाला मात्र झोडणी झाली की रोख हवी. ती मिळाली नाही तर तो भात व्यापाऱ्याला घालणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून गिरणी पहिल्याच वर्षी नको. एक हंगाम भाड्याने भरडून घ्या. ओलावा 14 टक्क्यांवर आणला तर तुकडा किती पडतो, कोणतं गिऱ्हाईक परत येतं, हे कळलं की मग यंत्राचं कोटेशन मागवा. इंद्रायणी वाण 1987 साली आला तो आपल्याच वडगावच्या संशोधन केंद्रातून. वाळवणीचं तिथे विचारा. तळेगावच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत प्रशिक्षणं असतात, त्यांची फीही कंपनीच्या खर्चात धरा. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचा पसारा सगळे सांगतात. त्यांनी सुरुवात द्राक्षाच्या निर्यातीपासून केली, हे कमी जण सांगतात.

केंद्राच्या 2020 च्या योजनेत मैदानी भागासाठी 300 सभासदांची अट होती आणि सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत भागभांडवल अनुदान. त्या आकड्यासाठी नावं भरण्यापेक्षा भात नक्की घालणारे तीस जण मला बरे वाटतात.

भागाची रक्कम ठरवण्याआधी सभेत एवढंच विचारा : वजन झाल्यावर पैसे किती दिवसांनी मिळाले तर चालतील? "त्याच दिवशी" असं उत्तर आलं, तर पहिल्या खरेदीची सगळी रक्कम आधी बँकेत हवी.