खाणीच्या ढिगाची राखण

पावसाळ्यांत मुरुमाचा ढीग ढासळतांना आपण पुष्कळदां पाहतों. चंद्रपूर जिल्ह्यांतील उघड्या खाणींत कोळसा काढण्यापूर्वीं वरची माती व खडक उपसून बाजूस रचावे लागतात. त्यांचे टेकडीएवढे ढीग होतात व पुढें त्यांवर झाडें लावितात. परंतु हिरवळ दिसली म्हणजे ढीग स्थिर झाला, असें समजूं नये.

ढिगाचा खरा शत्रु आंत साचलेलें पाणी होय. त्याचा दाब वाढला कीं दगडमातीचे कण एकमेकांस धरीनासे होतात. वेल्समधील अ‍ॅबरफॅन गांवीं एक ढीग झऱ्यांवर रचिला होता. इशारे मिळूनही कोणीं मनावर घेतले नाहींत. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं तो घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुलें होतीं.

म्हणून ढीग पायऱ्यापायऱ्यांनीं रचितात, भोंवतीं चर खणितात, नळ्या पुरून आंतील पाण्याची पातळी मोजितात, आणि रोविलेल्या खुणा सरकल्या काय हें वारंवार पाहतात. माथ्यावर भेग पडली किंवा पायथ्याशीं गढूळ पाणी झिरपूं लागलें, तर तत्काळ वर्दी द्यावी.

वाळूवर घर बांधणाऱ्याचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. आम्हांस वाटतें, पाया पाहणें जितकें अगत्याचें, तितकेंच बांधल्यावर जागत राहणेंही अगत्याचें आहे.